हिंस्र माशांचा एकोपा

गेल्या पावसाळ्यात आमच्या विज्ञानशाळेतील काचेच्या टाकीत एक प्रकार घडला. गडाखालच्या खेड्यातून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने कासारी नदीला मिळणाऱ्या ओढ्यातून तीन मरळ मासे आणून दिले. दोन मासे दीड वीत लांब होते व तिसरा जेमतेम चार बोटे. आम्ही तिघांनाही एकत्र सोडले. सोमवारी शाळा उघडली तेव्हा टाकीत दोनच मासे होते. मुलाचे डोळे भरून आले. "सर, हा मोठा मासा दुष्ट आहे, ह्याला काढून टाका," असे तो म्हणाला. त्या दिवशी वर्गात जे सांगितले तेच येथे लिहितो. कारण हल्ली पुष्कळ घरांत मोठे शिकारी मासे हौसेने पाळतात, आणि आमच्यासारखीच चूक करतात.

माशाचा येथे काहीच अपराध नव्हता. शिकारी मासे बहुधा आपले भक्ष्य सबंध गिळतात. म्हणून जो सोबती तोंडात मावतो तो सोबती नव्हे, ते अन्न होय. मरळ तर आपल्या सख्ख्या भावंडांसही सोडीत नाही. याच कारणास्तव मत्स्यशेतीत त्याची पिल्ले आकारानुसार वरचेवर निवडून वेगळी ठेवावी लागतात. तेव्हा एकत्र ठेवावयाचे मासे जवळजवळ सारख्या मापाचे असावेत, हा पहिला नियम.

समान मापाचे मासेही भांडतात. त्याची कारणे तीन : भूक, जागा आणि वीण.

भुकेचा उपाय सोपा आहे. अन्न ठरलेल्या वेळी द्यावे, व एकाच ठिकाणी न टाकता दोन-तीन ठिकाणी एकदम टाकावे, म्हणजे बलवान मासा सर्वच बळकावीत नाही. कोळंबी, गांडुळे, माशांचे तुकडे हे अन्न चांगले. जिवंत मासे घालू नयेत. त्यांच्याबरोबर रोगही टाकीत येतात.

जागेचा प्रश्न अधिक बिकट आहे. ऑस्करसारखा विदेशी मासा दुकानात दोन बोटांएवढा दिसतो. पुढे तो फूटभर होतो. टाकी निवडताना आजचा मासा न पाहता पूर्ण वाढलेला मासा डोळ्यांपुढे आणावा. निदान त्याला सहज वळता येईल एवढी तिची रुंदी हवी. आत दगड, मातीच्या नळ्या, फुटक्या कुंड्या अशा रचाव्यात की प्रत्येकाला आडोसा मिळावा व एकमेकांची दृष्टी चुकावी. वाम हा मासा दिवसा बिळात दडून रात्री हिंडतो. अशाला आडोशावाचून चैन पडत नाही. शक्य तर सर्व मासे एकाच वेळी सोडावेत. नवा मासा मागाहून आणावा लागलाच, तर आधी दगडांची मांडणी बदलावी. जुन्या रहिवाशांच्या हद्दी मोडतात व नव्याला वाव मिळतो.

विणीच्या काळी मात्र कोणताही उपाय पुरत नाही. अंडी-पिल्ले राखणारी मरळाची जोडी जवळ येणाऱ्या कोणावरही धावते. अशी जोडी वेगळीच ठेवावी.

मांसाहारी माशांच्या उत्सर्गातून पाण्यात अमोनिया फार साचतो. गाळणीतील सूक्ष्म जंतू त्याचे रूपांतर नायट्राइटमध्ये व पुढे कमी घातक अशा नायट्रेटमध्ये करतात. तरीही दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे. मरळाला वर येऊन हवा घ्यावी लागते, म्हणून पाणी व झाकण यांत मोकळी जागा ठेवावी. झाकण मात्र घट्ट असावे, कारण तो उडीही मारतो.

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले. पालकांपैकी अनेकांनी लहानपणी ते पाहिले असेल. अशा ठिकाणी काचेपुढे आपल्याला मासे दिसतात. काचेमागची माणसांची नित्याची मेहनत दिसत नाही. घरी ती मेहनत आपणांस करावयाची असते.

ती झेपली नाही म्हणून मासा सादोबाच्या तळ्यात किंवा पंचगंगेत सोडू नये. अमेरिकेतला, मगरीसारख्या जबड्याचा गार मासा २०२३ साली काश्मीरच्या दल सरोवरात सापडला. आफ्रिकी मांगुराच्या पैदाशीवर तर सरकारला २००० साली बंदी घालावी लागली. परका हिंस्र मासा नदीत गेला की तेथे समान मापाचे सोबती निवडून देणारा कोणी नसतो. ज्या दुकानातून घेतला तेथेच तो परत द्यावा.

आमचे दोन मरळ आता आवारातील सिमेंटच्या मोठ्या हौदात आहेत. वर जाळी आहे, आत चार नळ्या आहेत. अन्न घालण्याचे काम त्याच विद्यार्थ्याने मागून घेतले. परवा तो म्हणाला, "सर, हे आता भांडत नाहीत, शहाणे झाले." आम्ही म्हणालो, "बाळ, मासे होते तसेच आहेत. शहाणे आपण झालो."