महागडं कार्ट्रिज, चुकीचा आर्म

टर्नटेबल घेताना लोक कार्ट्रिजवर सढळ हाताने खर्च करतात; ते ज्या टोनआर्मवर बसणार, त्याची चौकशीही करत नाहीत. या छंदात पैसा वाया जातो तो बहुतेक इथेच.

सुई एका बारीक दांडीच्या टोकाला असते आणि ती दांडी रबरावर पेललेली असते. रबर झालं स्प्रिंग. आर्म आणि कार्ट्रिज हे तिच्यावरचं वजन. अशा जोडीची स्वतःची एक कंपनसंख्या असते. वाकलेल्या तबकडीचे हेलकावे बहुतेक पाच-सहा हर्ट्झच्या आत असतात, संगीत वीसच्या पुढे. म्हणून ही कंपनसंख्या ८ ते १२ हर्ट्झमध्ये पडायला हवी.

गणित घरी करता येतं. आर्मचं परिणामी वस्तुमान, कार्ट्रिज आणि स्क्रू यांच्या ग्रॅमची बेरीज करा, तिला कार्ट्रिजच्या लवचीकतेच्या आकड्याने गुणा, वर्गमूळ काढा आणि त्याने १५९ला भागा. परिणामी वस्तुमान म्हणजे तराजूवरचं वजन नव्हे, सुईला जाणवणारं. मागचं जड वजन बिजागरीला चिकटून असतं, त्यामुळे त्याचा वाटा थोडा. पुढच्या हेडशेलवरचा ग्रॅम मात्र जवळपास पूर्ण मोजला जातो.

ऑर्टोफोनचं टू-एम रेड ७.२ ग्रॅमचं, लवचीकता २०. बारा ग्रॅमच्या आर्मवर स्क्रूसकट बेरीज वीसच्या आसपास जाते, उत्तर येतं ८ हर्ट्झ. जमलं, पण काठावर. आर्म याहून जड नको.

डेनॉनचं डीएल-१०३ याच्या उलट. जपानच्या एनएचके प्रसारणसंस्थेसाठी साठच्या दशकात घडवलेलं हे ताठ कार्ट्रिज ८.५ ग्रॅमचं. त्याची लवचीकता ५ दिलेली असते, आणि इथेच लोक फसतात. जपानी कंपन्या ती बहुधा १०० हर्ट्झला मोजतात. १० हर्ट्झसाठी तो आकडा दीडपट ते दुप्पट धरावा लागतो. दुप्पट धरला, तरी पाच ग्रॅमच्या हलक्या आर्मवर उत्तर साडेतेराच्या आसपास येतं. अठरा ग्रॅमच्या आर्मवर तेच पावणेदहाच्या जवळ उतरतं. हलका आर्म बदलणं परवडत नसेल, तर जड हेडशेल लावा; तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

जोडी जमलीय का, हे डोळ्यांनीही कळतं. थोडी वाकलेली तबकडी लावा आणि वूफरची जाळी काढा. आवाज नसतानाही पडदा आत-बाहेर हलत असेल, तर सुईकडे बघा: चढावर दांडी कार्ट्रिजच्या पोटाकडे दबते, उतारावर खाली लोंबते. जमलेल्या जोडीत आर्म तबकडीबरोबर वर-खाली होतो आणि दांडीचा कोन जवळपास तसाच राहतो.