वर्दी येण्याआधी

अग्निशमन केंद्रात ‘वर्दी’ म्हणजे गणवेश नव्हे, आगीची खबर. ‘वर्दी किती वाजता आली?’, ‘दुसरा बंब वर्दीवर गेलाय’, ही तिथली रोजची भाषा. वर्दी आली की जेवणाचं ताट तसंच राहतं आणि बंब फाटकाबाहेर पडतो. आपण त्याला वाट देतो, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘जवानांनी शर्थीचे प्रयत्न करून आग आटोक्यात आणली’ एवढं वाचतो. ही शर्थ कुठे शिकवतात, किती दिवसांत शिकवतात आणि शिकवायला आपण काय देतो, याची चौकशी मीही कधी केली नव्हती. मावसभावाचा मुलगा या वाटेला लागला तेव्हा ती करावी लागली.

त्याची सुरुवात चुकीची झाली. दोनदा पोलीस भरतीत अपयश आल्यावर त्यानं तालुक्याच्या गावी ‘फायर अँड सेफ्टी’ची पाटी लावलेल्या एका खासगी संस्थेत पैसे भरले. वर्षभरात हाती गुळगुळीत कागदाचं प्रमाणपत्र आलं. वर्षात पाण्यानं भरलेला होज त्यानं एकदाही उचलला नव्हता. पालिकेच्या भरतीत ते प्रमाणपत्र चाललं नाही. अशी मुलं पुष्कळ भेटतात, म्हणून प्रवेशाआधी विचारायचा प्रश्न इथंच लिहून ठेवतो: हा अभ्यासक्रम कुणी मान्य केला आहे आणि ज्या नोकरीसाठी तो करायचा, तिच्या जाहिरातीत त्याचं नाव आहे का?

महाराष्ट्रात याची सरकारी वाट सरळ आहे. राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाचं प्रशिक्षण केंद्र मुंबईत सांताक्रूझ पूर्वेला, कालिन्याच्या विद्यानगरीत आहे. अग्निशामकाचा अभ्यासक्रम सहा महिन्यांचा. त्याला दहावी उत्तीर्ण लागतं. पदवीधरांसाठी उपस्थानक अधिकारी आणि अग्निप्रतिबंधक अधिकारी हा वर्षभराचा अभ्यासक्रम. पुरुष उमेदवाराची उंची १६५ सेंटिमीटर, वजन ५० किलो, छाती ८१ सेंटिमीटर आणि ती ५ सेंटिमीटरने फुगली पाहिजे. यातली शेवटची अट मला पूर्वी पोलिसी थाटाची वाटायची. धुराच्या खोलीबाहेर उभा राहिलो तेव्हा तिचा अर्थ कळला.

देशाच्या पातळीवरचं माहेरघर मात्र नागपूर. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झालं आणि १९५७ मध्ये नागपूरला आलं. ते केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत चालतं. उपअधिकाऱ्यापासून विभागीय अधिकाऱ्यापर्यंतची पदं सांभाळणारी माणसं देशभरातून तिथं येतात, शिवाय अग्निशमन अभियांत्रिकीची पदवीही तिथं मिळते. या पदवीला २००२ साली नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर यांनी प्रवेश घेतला, तोवर तिथं एकाही मुलीनं पाऊल ठेवलं नव्हतं. सगळा अभ्यासक्रम निवासी आणि वसतिगृह मुलांचं, म्हणून घरून ये-जा करण्याची खास परवानगी त्यांना मिळवावी लागली. कवायत, होज, शिडी यांत सवलत नव्हती. पुढे त्या ओएनजीसीत रुजू झाल्या. आज कुठल्याही भरतीच्या मैदानावर मुलींची रांग दिसते, तिच्या अगदी पुढच्या टोकाला मला त्या उभ्या दिसतात.

आमचा मुलगा सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाला लागला आणि एका सकाळी मी त्याची ड्रिल बघायला गेलो. चौघांची तुकडी, प्रत्येकाला एक ते चार नंबर. शिट्टी झाली की कुणी कुठे पळायचं, कुठलं कपलिंग जोडायचं, ‘पाणी सोड’ हा इशारा कुणी द्यायचा, सगळं नंबरवर ठरलेलं. मग नंबर बदलायचे आणि पुन्हा तेच. दहाव्या वेळी मला कंटाळा आला, त्यांना येऊन चालणार नव्हता. ६३ मिलिमीटर व्यासाच्या, १५ मीटर लांबीच्या होजमध्ये पाणी भरलं की नुसत्या पाण्याचंच वजन ४५ किलोंच्या वर जातं. २० मिलिमीटरच्या नोझलमधून ७ बार दाबानं मिनिटाला सुमारे ७०० लिटर पाणी सुटतं, तेव्हा नोझल धरणाऱ्याला साधारण ४५ किलोंचा धक्का सतत मागे रेटत असतो. एकट्यानं धरायचा हट्ट केला तर नोझल हातातून सुटतो आणि समोर येईल त्याचं डोकं फोडतो. म्हणून दोन नंबरचा माणूस एक नंबरच्या पाठीला खांदा लावून उभा असतो. बघताना त्याच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही.

दुपारी धुराची खोली. पाठीवर ६ लिटरचं सिलिंडर, त्यात ३०० बार दाबानं भरलेली १,८०० लिटर हवा. मेहनत करणारा माणूस मिनिटाला ४० लिटर हवा ओढतो असा हिशेब धरतात, म्हणजे ४५ मिनिटं. पण शेवटची हवा बाहेर पडण्यासाठी राखायची, त्यासाठी शिट्टी आधीच वाजते. हाताशी उरतात साधारण ३५ मिनिटं. घाबरलेल्या माणसाचा श्वास दुप्पट होतो, मग तीही उरत नाहीत. आत जाताना प्रत्येकाच्या नावाची पट्टी दारातल्या माणसाकडे द्यायची. फळ्यावर नाव, आत गेल्याची वेळ आणि सिलिंडरमधला दाब लिहून तो प्रत्येकाची परतायची वेळ काढतो. आतला माणूस विसरला तरी फळा विसरत नाही.

“काका, अंधारात हात उलटा ठेवायचा,” बाहेर आल्यावर त्यानं मला दाखवलं. चेहऱ्यावर मास्कच्या रबराचा लाल वळ उमटला होता. तळहात स्वतःकडे, हाताची मागची बाजू पुढे. भिंतीशी लोंबणाऱ्या तारेत वीज असली तर तळहात तिला आवळून धरतो. मागची बाजू लागली तर स्नायू आखडतात आणि हात अंगाकडे ओढला जातो. पाऊलही उचलून टाकायचं नाही, घसटत न्यायचं, पुढे जमीन आहे की जिना तुटलाय हे आधी चाचपायचं. हे पुस्तकात दोन ओळींत येतं, पण धुरात आठवायला अवधी नसतो, म्हणून अंगात मुरवावं लागतं.

वर्गातला भागही मी समजत होतो त्यापेक्षा कठीण आहे. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे १,७०० पट जागा व्यापतं, म्हणून बंद खोलीत आंधळेपणानं पाणी मारलं तर तीच वाफ जवानाला भाजते. पेटत्या तेलाला फेस लागतो. लोखंडी तुळईची निम्मी ताकद साधारण ५५० अंशांना निघून जाते, त्यामुळे भिंतीचा तडा, गिलाव्याचे पोपडे, तुळईचा आवाज वाचायला शिकावं लागतं. ९ मे २०१५ ला काळबादेवीतल्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीच्या आगीत इमारत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलानं आपले चार वरिष्ठ अधिकारी गमावले, दोघे त्याच रात्री, दोघे पुढे रुग्णालयात. कसलेल्या माणसांनाही इमारत दगा देते, हे प्रशिक्षणार्थींना सांगताना शिक्षकांचा आवाज उतरतो.

आणि १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या एकाच जहाजात कापसाच्या गासड्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं भरलेली. आग दुपारीच दिसली. जहाज बाहेर न्यायचं की जागेवरच बुडवायचं, हा निर्णय वेळेत झाला नाही. चारनंतर स्फोट झाले आणि अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. तोच दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. पुष्पचक्र वाहिलं जातं, ते व्हायलाच हवं. पण त्या दुपारी होज धरणाऱ्यांची चूक नव्हती. घटनास्थळी हुकूम कुणाचा, हे ठरलेलं नव्हतं. म्हणून अधिकाऱ्यांच्या अभ्यासक्रमात आगीच्या ठिकाणच्या नेतृत्वाला मी सगळ्यांत जास्त महत्त्व देईन.

माझी खरी तक्रार पुढची आहे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीनं अग्निशमन स्थानिक संस्थांकडे सोपवलं आहे. त्यामुळे मुंबईच्या जवानामागे शिड्या, यंत्रं, सराव असं सगळं बळ असतं आणि लहान नगरपरिषदेत एक बंब, मोजकी माणसं, त्यातली काही कंत्राटावर. शिकलेला हात सराव थांबला की विसरतो. सहा महिन्यांत कमावलेलं पुढची तीस वर्षं पुरणार नाही, पण उजळणीसाठी माणूस सोडायचा तर त्याच्या जागी उभं कुणी करायचं? दुसरीकडे, महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली यंत्रणा चालू असल्याचा दाखला दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यायचा असतो. तो सोसायटीनं नुसता कागदावर दिला, तर जिन्यातल्या हायड्रंटला पाणी नाही हे चौथ्या मजल्यावर पोचलेल्या जवानाला कळतं. त्याच्या प्रशिक्षणाचा तेवढा भाग आपल्या हातात आहे आणि आपण तो पार पाडत नाही.

संध्याकाळी मैदान रिकामं झालं, तेव्हा आमचा मुलगा होज धूत होता. ओला गुंडाळला की कुजतो, म्हणून धुऊन टॉवरवर उंच टांगायचा आणि आदल्या दिवशीचे वाळलेले खाली उतरवायचे. ते उतरवून त्यानं एकेका कपलिंगच्या आत बोट फिरवलं, रबरी वॉशर जागेवर आहे का ते बघायला. एकात नव्हता. तो होज त्यानं उचलला, बाकीच्यांपासून लांब ठेवला आणि त्याला खडूनं फुली मारली.