सुकाणू मोडले : दुरुस्ती परवडते की नवे?

कोल्हापूरला समुद्र नाही. तरी आमच्या दुकानाची बरीच उधारी पूर्वी आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे जात असे. 1993 च्या दिवाळीनंतर अब्बांबरोबर मी वसुलीला गेलो, तेव्हा खाडीकाठच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने हात जोडले. "शेठ, या खेपेला थांबा. सुकाणू मोडलंय." बाप-लेकांनी चालवायची छोटी शिडाची होडी. हंगाम ऐन भरात, आणि होडी वाळूत आडवी. अब्बांनी वही मिटली आणि म्हणाले, "दाखवा."

कापडवाल्याला लाकडातले काय कळणार, असे मला वाटले. पण तिथे बसलेल्या म्हाताऱ्या सुताराने जे समजावले, ते आजही लक्षात आहे.

सुकाणू हा शब्द मूळ अरबी 'सुक्कान'. नाखवा म्हणजे फारसीतला नाखुदा. उर्दू शाळेत नाखुदा मी शेरांत वाचला होता. माणूस मात्र मिरकरवाड्यातच पाहिला.

सुकाणू होडीच्या मागच्या टोकाला लोखंडी खुंट्या आणि कड्यांवर टांगलेले असते. त्याचे खालचे टोक होडीच्या तळापेक्षा खोल जाते. म्हणून होडी किनाऱ्याला लावण्याआधी ते उचलून आत घ्यावे लागते. क्षणभर उशीर झाला की टोक वाळूत रुतते, मागून लाट होडीला ढकलते आणि सगळा भार खालच्या खुंटीवर येतो. मग एक तर फळी उभी चिरते, नाही तर बोल्टाभोवतीचे लाकूड फाटते. इथेही तेच झाले होते.

सुताराने प्रथम टोच्या घेतला आणि जागोजागी टोचून पाहिले. खाऱ्या पाण्यातला पोखरणारा किडा वरून टाचणीएवढे भोक पाडतो आणि आत लांब बोगदे करतो. घडीत कसर लागलेला लोकरी तागा जसा वरून कोरा दिसतो, तसाच हा प्रकार. टोच्या सहज आत गेला तर दुरुस्तीचा विचार सोडावा. लाकूड निरोगी असेल आणि चीर रेषेतच असेल, तर गोड्या पाण्याने मीठ धुवावे, सावलीत पूर्ण वाळवावे, चिरेत चिकट भरून फळी आरपार बोल्टांनी आवळावी. आता त्यासाठी इपॉक्सी मिळते. ओल्या लाकडावर मात्र तेही नीट धरत नाही. फळी आडवी तुटली असेल तर पट्टी ठोकून भागत नाही. तिरका सांधा करावा लागतो, आणि तोही एक इंच जाडीला निदान आठ इंच लांब. खुंट्यांच्या जागीच मोडले असेल तर नवेच करावे. आमच्या गिऱ्हाइकाच्या सुकाणूत बोल्टाभोवती टोच्या बोटभर आत गेला. फैसला तिथेच झाला.

नव्यासाठी साग. महाग खरा, पण त्यात तेल असते आणि ओकप्रमाणे तो लोखंडी खिळ्यांना खात नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी 1817 मध्ये सागाची बांधलेली 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. फक्त सागातला कडेचा पांढरा भाग घेऊ नये. तो लवकर कुजतो. एकच रुंद फळी पीळ खाते, म्हणून दोन-तीन अरुंद फळ्या जोडाव्यात. जुने सुकाणू फेकू नये, माप त्यावरूनच घ्यायचे. आम्ही नाही का जुना सदरा उसवून त्याच्यावर नवा बेततो? पुढची कड गोल, मागची पातळ होत गेलेली; नाही तर हातातला दांडा थरथरतो. दोन्ही खुंट्या एका ओळंब्यात हव्यात. खालची थोडी लांब ठेवली की हलत्या पाण्यात आधी ती बसवता येते, मग वरची. तांबे-पितळ आणि लोखंड एकत्र लावू नये, खाऱ्या पाण्यात लोखंड झिजून जाते. आणि एक दोरी बांधावीच, कारण लाकूड तरंगते. खुंटीतून निसटले की गेले.

नवे होईपर्यंत बाप-लेकांनी मागे वल्हे बांधून खाडीतल्या खाडीत काम काढले. हा काही अडाणी उपाय नव्हे. 2025 मध्ये नौदलात दाखल झालेले, गोव्यात बांधलेले शिवलेले जहाज 'कौंडिण्य' याला सुकाणूच नाही. मोठ्या वल्ह्यांनीच त्याची दिशा धरतात. पण लहान होडीत शीड सांभाळणारा एक आणि वल्ह्यावर दुसरा, मग जाळे कोण ओढणार? धंदा निम्म्यावर आला.

लाकूड त्या घरात तेव्हा उधारीवर कोणी देईना. देणारा होता तो पुढची मासळी आपल्याच भावाने मागत होता. म्हणजे एका फळीसाठी सबंध हंगाम गहाण. लहान धंदेवाला मोडतो तो असा. मोडलेली वस्तू नेहमीच महाग नसते. अब्बांनी सागाचे पैसे स्वतः दिले, व्याज न लावता, आणि जुन्या उधारीखाली वेगळी ओळ मांडली. मी घाट चढताना कुरकुरलो. ते म्हणाले, "होडी बसली तर मागचंही बुडालं, बेटा. हिशेब तूच कर."

पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हाच टोच्या घेऊन सुकाणू तपासावे, असे सुतार निघताना सांगत होता. त्या वहीत अब्बांच्या उर्दू अक्षरात 'सुक्कान' एवढेच लिहिलेले आहे. रक्कम शिमग्याच्या आत चुकती झाली. कापडाची बाकी मात्र पुढच्या दिवाळीपर्यंत चालली.