नाताळचा सुरू आणि अंगणातील पाखरे

6 जानेवारीचा तीन राजांचा सण पार पडला की बेळगाव परिसरातील ख्रिस्ती घरांतून नाताळची सजावट उतरू लागते. विलायती सूचिपर्णी वृक्ष इकडे सहसा मिळत नाही. त्याचे काम बहुधा सुरूची फांदी करते. चांदण्या पेटीत जातात, फांदी मात्र कचऱ्याबरोबर जाळली जाते. वास्तविक तिची खरी गरज यानंतरच असते.

नॉर्वेमध्ये नाताळात पाखरांसाठी ओट धान्याची पेंढी उंच टांगतात, कारण तेथे दाणा बर्फाखाली गडप होतो. आपली गोष्ट निराळी. बेळगावात जानेवारीतील रात्री पारा 14 अंशांच्या आसपास उतरतो. एवढ्या थंडीने बुलबुल मरत नाही. उणीव असते ती आडोशाची आणि पाण्याची. मेंदीच्या कुंपणाजागी सिमेंटची भिंत आली, अंगणात फरशी आली; मग शिंप्याने व दयाळाने मांजरापासून लपावे कोठे? हिमालयाकडून हिवाळ्यापुरता येणारा, शेपटी थरथरविणारा थरथऱ्याही अंगणातील किड्यांवरच जगतो.

सुरूच्या फांदीवरील जरी, दोरा, तार कटाक्षाने काढावी. पाखरांचे पाय त्यांत अडकतात. रंग फवारलेली फांदी घेऊच नये. आवाराच्या कोपऱ्यात जाड फांद्या खाली आडव्यातिडव्या ठेवून वर बारीक डहाळ्या सैल पसराव्यात, म्हणजे आत पोकळी राहते. दसऱ्याचे वाळलेले आंब्याचे तोरणही त्यात चालते. खालच्या ओलसर पाल्यात किडे वाढतात. तेच दयाळाचे अन्न. सापाचे भय खोटे नव्हे, म्हणून ढीग दारापासून व मुलांच्या खेळापासून दूर असावा. वाळलेला सुरू झटकन पेट घेतो, तेव्हा बंबाजवळ तर नकोच.

पाण्याचे उथळ परळ ढिगापासून चार पावले मोकळ्यावर ठेवावे, नाहीतर मांजर आडून झडप घालते. पाणी रोज बदलावे.

कोकणात नव्या भाताच्या लोंब्या दारावर बांधतात. सण सरल्यावर त्या उंच टांगल्या तर चिमण्या व मुनिया दाणे टिपतात. निपाणीकडील शाळूच्या शेतकऱ्याकडून मात्र अशा दातृत्वाची अपेक्षा धरू नये. भोरड्यांचे थवे कणसांवर उतरले की त्याने हाती गोफण घेणे रास्तच होय.

ढीग उपसायचा असेल तर फेब्रुवारीतच उपसावा. पुढे त्यात एखादी बुलबुलाची जोडी घरटे बांधण्याचा संभव असतो. तसे झाल्यास पिले उडून जाईपर्यंत एकही काडी हलवू नये.