आजोबांच्या दोन टोप्या

दर दिवाळीला माळा झाडताना आमच्या धुळ्याच्या घरी आजोबांची पत्र्याची ट्रंक खाली येते. तीत दोन टोप्या आहेत. एक काळी, कचेरीत जाताना घालायची. दुसरी पांढरी, जाड्याभरड्या खादीची.

आमचा खानदेश म्हणजे कापसाचा मुलूख. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली नि तिकडचा कापूस अडला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांना इकडची आठवण झाली. इथला कापूस विलायतेस जाई आणि विलायती धोतरजोडा दामदुपटीने आमच्या बाजारात येई. पिकवणारा आपला आणि अंगावर कापड परक्याचे! म्हणूनच खादीचा अर्थ इथल्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागला नाही.

अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातली नोकरी सोडून साने गुरुजी १९३० साली सत्याग्रहात उतरले. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत दर रविवारी विनोबा तेथे गीतेवर बोलत आणि गुरुजी ते उतरून घेत. त्याच गावात आमचे आजोबा काळी टोपी घालून मुकाट्याने कारकुनी करीत होते. घरात खाणारी तोंडे पाच! रात्री दार लावून ते आजीबरोबर टकळीवर सूत कातीत आणि स्वतःला 'कडी लावलेला देशभक्त' म्हणवीत.

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू. नंदलाल बोस यांनी बांबूंनी सजवलेले टिळकनगर उभे राहिले होते आणि गांधीजींनी खादी-ग्रामोद्योगाचे प्रदर्शन उघडले होते. आजोबांनी जायचे ठरवले, तशी आजीने पांढरी टोपी पुढे केली.

"अहो, जायचं तर ही घालून जा. नाहीतर मी एकटी जाते."

आजोबा टोपी घालून गेले. परतताना स्टेशनावर कचेरीतल्या कुणीतरी त्यांना पाहिले. पुढे बढतीच्या यादीतून त्यांचे नाव गळले.

१९३७ च्या दिवाळीला घरात बाजारचे नवे कापड आले नाही. आजीने स्वतः कातलेल्या सुताचा एक सदरा तेवढा माझ्या वडिलांना शिवला. तो अंगाला फार बोचे, असे वडील सांगत. पण तोकडा होईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.