भागीदार गेल्यावर उरते ते भांडवल

भागीदारीचा करार होतो त्या दिवशी पेढीवर सर्वांचे लक्ष दोन आकड्यांकडे असते : कोणी किती रक्कम घातली आणि नफ्यात कोणाचा वाटा किती. हा भागीदार उद्या निघून गेला तर आपल्या हाती काय राहील, हा तिसरा प्रश्न त्या मंगल प्रसंगी सहसा कोणी विचारीत नाही. जपानमधील हिरोशिमा येथील माझदा या मोटार कंपनीला त्याचे उत्तर छत्तीस वर्षांच्या अनुभवातून मिळाले. व्यापारी घराण्यांनी वाचावी अशी ती कथा आहे.

ही कंपनी १९२० साली बुचाच्या वस्तू बनविण्यासाठी स्थापन झाली आणि १९३१ पासून तीनचाकी मालवाहू गाड्या तयार करू लागली. १९४५ साली अणुबॉम्बने हिरोशिमा बेचिराख झाले, तेव्हा शहराबाहेर टेकडीच्या आडोशाला असलेला हा कारखाना बराचसा बचावला. काही काळ प्रांताचा सरकारी कारभारही त्याच्याच इमारतींतून चालला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तीनचाकी गाड्यांचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. या शहराचे आणि कारखान्याचे नाते असे केवळ रोजगारापुरते नव्हते.

टोयोटा आणि निसान यांच्यासारख्या बड्या प्रतिस्पर्ध्यांपुढे टिकायचे तर स्वतःचे वेगळे काही हवे, म्हणून कंपनीने रोटरी इंजिनाची कास धरली. मूळ कल्पना जर्मनीची. परंतु ती व्यवहारात उतरविण्यासाठी माझदाच्या अभियंत्यांनी अनेक वर्षे खर्ची घातली आणि १९६७ साली रोटरी इंजिनाची आपली पहिली मोटार विक्रीस आणली. हे इंजिन वेगवान होते, पण पेट्रोल फार पीत असे. १९७३ साली तेलाचे भाव भडकले आणि अमेरिकेत गाड्या पडून राहिल्या. कर्ज देणाऱ्या सुमितोमो बँकेने कारभारात लक्ष घातले. संस्थापक घराण्याच्या तिसऱ्या पिढीतील अध्यक्षांना १९७७ साली पायउतार व्हावे लागले. कारखान्यातील हजारो कामगारांना काढून न टाकता विक्रेत्यांकडे पाठविण्यात आले. यंत्रावर काम करणारे हात दारोदार मोटारी विकू लागले.

१९७९ साली अमेरिकेच्या फोर्ड कंपनीने माझदाचे सुमारे २५ टक्के समभाग घेतले. फोर्ड आकाराने कितीतरी मोठी. तिला हव्या होत्या छोट्या, काटकसरी मोटारी, आणि त्या बनविण्याची कला हिरोशिमाकडे होती. माझदाने आखलेल्या गाड्या थोड्याफार फरकाने फोर्डच्या नावाने अनेक देशांत विकल्या गेल्या.

मोठा भागीदारही लहानाकडून किती शिकतो, याचे एक उदाहरण व्यवस्थापनशास्त्रज्ञ मायकेल हॅमर यांनी १९९० सालच्या आपल्या गाजलेल्या लेखात दिले आहे. उत्तर अमेरिकेत पुरवठादारांची देणी भागविणाऱ्या फोर्डच्या विभागात पाचशेहून अधिक माणसे होती. संगणकाच्या साहाय्याने ती चारशेवर आणण्याचा बेत होता. माझदाकडे पाहिले तर तेच काम पाच माणसे करीत होती! कंपनीच्या लहान आकाराची सूट दिली तरी ही तफावत समजावून सांगता येईना. अखेर फोर्डने आपली पद्धतच बदलली. मागणीपत्र आणि प्रत्यक्ष आलेला माल यांचा मेळ बसला की पैसे चुकते होऊ लागले; पुरवठादाराच्या बिलाची वाट पाहणे संपले.

पुढे तेजीच्या काळात माझदाने चूक केली. १९९० च्या आसपास तिने जपानमध्ये विक्रीच्या पाच वेगवेगळ्या साखळ्या उभ्या केल्या. तेजी ओसरली, येन महागला आणि कंपनी पुन्हा तोट्यात गेली. १९९६ साली फोर्डने आपला हिस्सा ३३.४ टक्क्यांवर नेला. जपानी कायद्यानुसार एक तृतीयांशाहून अधिक हिस्सा असणारा भागधारक महत्त्वाचे ठराव रोखू शकतो. म्हणजे चाव्या आता पाहुण्याच्या हाती गेल्या. हेन्री वॉलेस हे फोर्डचे अधिकारी अध्यक्ष झाले. जपानच्या मोठ्या मोटार कंपनीचे नेतृत्व परदेशी व्यक्तीकडे जाण्याची ती पहिलीच वेळ होती.

त्यानंतरची वर्षे कठोर होती. २००१ साली स्वेच्छानिवृत्तीने सुमारे १,८०० जागा कमी करण्याचे ठरले, आणि हिरोशिमातील उजिना येथील दोन कारखान्यांपैकी एक बंद झाला. परंतु घरातल्या माणसांना जे कटू निर्णय घेणे संकोचामुळे जमले नव्हते, ते बाहेरच्याने घेतले, हेही खरे. २००४ साली तोच बंद कारखाना पुन्हा सुरू झाला. या सर्व काळात आरेखन आणि इंजिन यांचे ज्ञान हिरोशिमातच राहिले; फोर्डच्या राजवटीतही २००३ साली रोटरी इंजिनाची नवी मोटार बाजारात आली.

खरी कसोटी २००८ साली लागली. जागतिक मंदीत फोर्डलाच रोख रकमेची निकड भासली. तिने माझदातील २० टक्के हिस्सा विकला, पुढे आणखी विकला आणि २०१५ पर्यंत पूर्ण बाहेर पडली. माझदाला २०१२ च्या मार्चअखेर सलग चौथ्या वर्षी तोटा झाला. त्या एका वर्षाचा आकडा सुमारे १०,७७० कोटी येन होता. तरीही अभियंत्यांनी स्वबळावर इंजिनापासून सांगाड्यापर्यंत सर्व काही नव्याने घडविले. त्या मोटारी लोकांना आवडल्या आणि पुढच्याच वर्षी नफा दिसला. २०१७ साली टोयोटाशी करार झाला तेव्हा दोन्ही कंपन्यांनी एकमेकींचे समान किमतीचे समभाग घेतले. टोयोटा कितीतरी पटींनी मोठी असूनही माझदा त्या बैठकीत याचक म्हणून गेली नव्हती.

याच्या शेजारी दक्षिण कोरियातील सँगयाँगचा अनुभव ठेवून पाहावा. तिला एकामागून एक आश्रयदाते मिळाले : देवू, चीनची सैक, आणि २०११ पासून मुंबईची महिंद्र. प्रत्येकाने पैसा घातला. पण स्वतःच्या पायावर उभे राहण्याइतके बळ तिला आले नाही. २०२० साली महिंद्रने आणखी मोठी रक्कम घालण्यास नकार दिला, आणि वर्षअखेरीस कंपनीला न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. महिंद्रच्या बाजूने पाहिले तर यातही एक धडा आहे : भागीदाराचा तोटा कोठवर सोसायचा, ही मर्यादा पैसा घालण्यापूर्वीच ठरवावी.

आपल्याही घराण्यांत आज मोठ्या कंपन्यांकडून प्रस्ताव येतात. कोणाची गिरणी, कोणाचा मसाल्याचा उद्योग, कोणाची चार जिल्ह्यांतील वितरणव्यवस्था. अडचणीच्या काळी आलेला हात झिडकारणे शहाणपणाचे नाही. तोट्याची शाखा बंद करायला तो सांगत असेल, तर केवळ मानापमानापोटी नाही म्हणू नये. परंतु मालाची पारख, तयार करण्याची हातोटी, ग्राहकाची ओळख यांपैकी जे आपले खरे बळ आहे, ते कराराच्या कागदावर सही करून देऊ नये. पुढच्या पिढीला ते शिकवीत राहावे. रक्कम आणणारा आपली रक्कम घेऊन जाईल, तो त्याचा हक्कच आहे. त्यानंतर सकाळी पेढी उघडायला लागणारी विद्या मात्र घरातच असली पाहिजे.