म्हाताऱ्या मांजराचा कोंडा

तुमच्या घरी मांजर आहे का? असेल, तर ते दिवसभर काय करते ते एकदा नीट पाहा. ते झोपते, खाते आणि जागेपणीचा बराच वेळ अंग चाटत बसते. हीच त्याची आंघोळ आणि हेच त्याचे केस विंचरणे.

मांजराची जीभ हाताला लागली की खरखरीत लागते. तिच्यावर मागे वळलेले शेकडो बारीक काटे असतात. २०१८ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले, की हे काटे टोकाशी पोकळ असतात. ते तोंडातील लाळ ओढून घेतात आणि केसांच्या मुळांपर्यंत पोचवतात. त्यामुळे गळलेले केस आणि कातडीचे मेलेले पापुद्रे निघून जातात.

मांजर दहा-बारा वर्षांचे झाले, की मात्र हे काम त्याला जमेनासे होते. तुमच्या दादीला स्वतःच्या पाठीवर हात नेता येतो का? मांजराचेही तसेच होते. सांधे दुखतात, पाठ वळत नाही. लठ्ठ मांजराची तर जीभच तिथवर पोचत नाही. मग कमरेवर, शेपटीच्या मुळाशी पांढरा भुसा दिसू लागतो आणि केसांच्या गाठी होतात. उर्दूत आपण ज्याला खुश्की म्हणतो, त्याला मराठीत कोंडा म्हणतात. गव्हाच्या पिठातला कोंडा आणि हा कोंडा, शब्द एकच!

काही लोक अशा मांजराला 'घाण झाले' म्हणून घराबाहेर काढतात. हे मला मुळीच पटत नाही. मांजर आपले दुखणे लपवते, ओरडून सांगत नाही. त्याच्या अंगावरचा कोंडा हेच त्याचे सांगणे असते. हजरत अबू हुरैरा यांचे हे नाव मांजराच्या पिलाच्या लळ्यामुळे पडले, हे तुम्ही वाचले असेलच.

मग काय करावे? रोज पाच मिनिटे त्याला विंचरा. मऊ ब्रश किंवा बारीक दातांची फणी घ्या. आधी डोके आणि गाल, मग पाठ. केसांच्या दिशेनेच फिरवा आणि हात हलका ठेवा, कारण म्हाताऱ्या मांजराची कातडी पातळ असते. शेपूट आपटू लागले, की थांबा. गाठ कात्रीने कापू नका. केसांबरोबर कातडीही कापली जाते. आंघोळीची गरज बहुधा नसते. कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने अंग पुसले तरी पुरे. पिण्याचे पाणी भरपूर ठेवा. नखेही पाहा. म्हातारे मांजर नखे घासत नाही, म्हणून ती वाढून पंजाच्या गादीत रुततात.

अंगाला तेल, आपला शाम्पू किंवा फिनेल कधीही लावू नका. जे अंगाला लावाल, ते मांजर चाटणारच. कुत्र्यासाठी मिळणाऱ्या पिसवांच्या काही औषधांनी तर मांजर मरते.

फणीत काळे कण आले, तर ते ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. कापूस तांबूस झाला, तर अंगावर पिसवा आहेत असे समजा. कोंडा हलताना दिसला, तर ते बारीक किडे असतात. केस गोल चट्ट्यांनी गेले, तर ते गजकर्ण असू शकते आणि ते माणसांनाही होते. हात साबणाने धुवा.

अशा वेळी जनावरांच्या डॉक्टरांकडे जा. मांजर बारीक होत असेल, खूप पाणी पीत असेल किंवा जेवत नसेल, तरीही जा. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, दातदुखी यांतही ते अंग चाटणे सोडून देते. मुंबईत परळला जनावरांचे मोठे रुग्णालय आहे. इतर ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. जाताना मांजराला झाकणाच्या टोपलीत न्या, खाली त्याचे नेहमीचे फडके घाला आणि त्याने उडी मारणे व अंग चाटणे कधीपासून कमी केले, ते कागदावर लिहून न्या.